मॅट्रिकचा उंबरठा आणि खानदेशातील मुसलमान

आमच्या घरात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तीन कागद जपून ठेवलेले आहेत. पहिला आजोबांचा, म्हणजे आमच्या दादांचा. व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्याचा. त्यावर जिल्हा म्हणून 'पूर्व खानदेश' लिहिले आहे. दुसरा अब्बांचा, जुन्या अकरावीचा, पुण्याच्या एस.एस.सी. बोर्डाचा. तिसरा माझा, १९७५ चा, दहावीच्या पहिल्या तुकडीचा. तीन पिढ्या आणि तीन परीक्षा. शिकणारे आम्ही खानदेशातले, पण परीक्षेचे माप खानदेशात एकदाही ठरले नाही. कधी ते मुंबईत ठरले, कधी पुण्यात.

धुळ्याच्या एका उर्दू हायस्कुलात मी तीस वर्षे मराठी शिकवली. मॅट्रिकचा उंबरठा ओलांडू न शकलेली मुले पाहिली, तशीच तो ओलांडूनही अडलेली मुले पाहिली. या दुसऱ्या मुलांचे दुःख समाजाच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्या हाती पास झाल्याचा कागद असतो. त्यांचे कोडे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते सुरू झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी. मॅट्रिक म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला नव्हता. ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. पण विद्यापीठ जे विचारील तेच हायस्कुलात शिकवले जाऊ लागले. शाळेने काय शिकवावे हे शाळेबाहेरून ठरण्याची सुरुवात तेव्हापासून झाली.

मुसलमानांपैकी रहिमतुल्ला सयानी १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे एम.ए. झाले. आपल्या समाजातले ते पहिले एम.ए. पण सयानी मुंबईच्या खोजा समाजातले. खानदेशातल्या पिंजारी, मोमीन, बागवान, मन्यार घरांपासून ती मुंबई फार लांब होती. इथला गरीब मुलगा शिकलाच तर सातवीपर्यंत शिकायचा आणि 'फायनल' द्यायचा. ती पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शके. आमच्या दादांना ती मिळाली, आणि घरात पुस्तक आले ते त्या एका कागदामुळे.

आता भाषेकडे येऊ. आज मराठीचा पेपर उर्दू शाळेतल्या मुलांना जड जातो म्हणून त्यांना नावे ठेवली जातात. पण एके काळी मराठीलाच विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेर थांबावे लागले होते. विद्यापीठाच्या पहिल्या काही वर्षांनंतर देशी भाषा मागे सारल्या गेल्या आणि दुसरी भाषा म्हणून संस्कृत, फारसी अशा अभिजात भाषांना मान मिळाला. मराठीला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून रानड्यांनी अनेक वर्षे खटपट केली. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस एम.ए.च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. म्हणजे कोणती भाषा उंबरठ्याच्या आत आणि कोणती बाहेर, हे काही आभाळातून ठरून येत नाही. माणसे ते ठरवतात आणि माणसे ते बदलतात.

आपल्या बाबतीत हे कधी ठरले? १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. महात्मा फुले यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली ती याच आयोगापुढे. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. खास शिष्यवृत्त्या द्याव्यात, मुसलमान शिक्षक तयार करण्याची सोय करावी, मुसलमान तपासणी अधिकारी जास्त नेमावेत, अशा त्या होत्या. त्यांतल्या दोन शिफारशींचा परिणाम फार लांबवर पोहोचला. एक अशी की, मुसलमानांच्या प्राथमिक व मधल्या शाळांत शिक्षणाचे माध्यम मुख्यतः हिंदुस्थानी असावे, मात्र एखाद्या ठिकाणच्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल तर ती असावी. दुसरी अशी की, जिथे सरकारी कामकाजाची देशी भाषा हिंदुस्थानी नाही, तिथे ती भाषा या शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकवावी.

ऐच्छिक! खानदेशात कचेरीची भाषा मराठी, सातबारा मराठीत, बाजार मराठीत. आणि मुसलमान मुलाने ती शिकावी की नाही, हा मर्जीचा प्रश्न. आयोगाचा हेतू वाईट नव्हता. मुलाला घरच्या भाषेतून शिकवावे हा विचार योग्यच आहे, आणि १९५६ मध्ये घटनेत आलेल्या ३५०-अ या कलमाने तोच विचार भाषिक अल्पसंख्याकांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मान्य केला. पण कचेरीची भाषा बाजूला राहिली आणि तिचे नुकसान ज्यांनी भोगले त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

यानंतर उंबरठा पुष्कळदा हलला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव पूर्वेचे ठाणे, धुळे पश्चिमेचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. पुढे इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिणारा हा शिक्षक खानदेशच्या वर्गात उभा राहिलेला होता, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. मॅट्रिक झालेल्या मुलाला मात्र पुढे शिकायचे तर खानदेश सोडावा लागे. अमळनेर आणि जळगाव येथे महाविद्यालये निघाली ती १९४० च्या दशकात.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात एस.एस.सी. बोर्ड आले आणि १९४९ मध्ये पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. शाळेच्या शेवटच्या परीक्षेवरचा विद्यापीठाचा ताबा सुटला. खेर मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ काम करू लागले. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली आणि एकच पाठ्यपुस्तक वेगवेगळ्या माध्यमांतून, उर्दूतूनही, स्वस्तात मिळू लागले. बालभारतीचे हे काम आपण कृतज्ञतेने आठवले पाहिजे. रावेरच्या मोहल्ल्यातले मूल आणि पुण्याच्या पेठेतले मूल एकाच इतिहासाच्या पुस्तकातून शिकू लागले.

मग दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी परीक्षेला बसली. आम्ही नव्या तुकडीतले. पास झालो तेव्हा मोहल्ल्यात अम्मीने साखर वाटली. अब्बा मात्र हसत म्हणाले, "बेटा, आमची मॅट्रिक अकरा वर्षांची होती, तुझी दहाची."

पुढच्याच वर्षी या पास झालेल्या मुलाची परीक्षा झाली. एका कचेरीत नोकरीसाठी मराठीत अर्ज लिहून दिला. टेबलामागच्या गृहस्थांनी तो वाचला, लाल पेन्सिलीने सहा ठिकाणी खुणा केल्या आणि विचारले, "मराठीत पास आहात ना?" मी पास होतो. तो अर्ज मी परत आणला आणि त्या रात्री ठरवले की ही भाषा आपली करायची.

ती आपली नाही असे म्हणायला तसे कारणच नव्हते. शाळेत पाऊल टाकल्यापासून कानावर पडणारे शब्द पाहा. दप्तर, हजेरी, दाखला, रजा, शाई, दौत, तक्ता, इनाम, तारीख, सही. हे सारे अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत. 'नापास' हा शब्द तर नमुनेदार आहे. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी आणि शब्द पक्का मराठी. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जमवलेल्या जुन्या मराठी कागदांची कोणतीही चार पाने उघडली तरी असे शब्द ओळीओळीला भेटतात.

तरीही वर्गात मूल अडते. कुठे अडते ते शिक्षकाला ठाऊक असते. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. घरी 'मेरी किताब' म्हणणारे मूल वहीत 'माझी पुस्तक' लिहिते. दुसरी अडचण 'ळ' ची. हा वर्ण उर्दूत नाही. रावेर-यावल हा केळीचा मुलूख. मोहल्ल्यातले मूल 'केला' म्हणते. पण शेजारच्या लेवा पाटलांचे मूल तरी घरात 'केळी' कुठे म्हणते? ते 'केयी' म्हणते. तावडी बोलीत काय आणि अहिराणीत काय, 'ळ' चा 'य' होतो. म्हणजे परीक्षेतला 'ळ' खानदेशात दोघांनाही परका आहे. फरक इतकाच की शेजारच्या मुलाकडून तो 'ळ' शाळेने घोटून घेतला आणि आमच्या मुलाला सांगितले, तुला थोडा कमी आला तरी चालेल.

ही सवलत अभ्यासक्रमातच आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला दहावीला कुमारभारती असते. इतर माध्यमांच्या मुलांना अक्षरभारती, म्हणजे द्वितीय भाषेचे सोपे पुस्तक. खालच्या वर्गांतही एकाला बालभारती, दुसऱ्याला सुलभभारती. भाषा नव्याने शिकणाऱ्याला सोपे पुस्तक द्यावे यात चूक नाही. पण दहावीनंतर हे सोपे पुस्तक बंद होते. तलाठी भरती असो की पोलीस भरती, मराठीची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच. तिथे समास, प्रयोग, वाक्प्रचार विचारताना उमेदवार कोणत्या पुस्तकातून शिकला हे कोणी पाहत नाही. पस्तीस गुणांवर खूश झालेला आमचा मुलगा तिथे मागे पडतो, आणि आपल्याला डावलले असे समजून घरी बसतो. कधी कधी डावलले जातेही, ते नाकारायचे कारण नाही. पण ज्या पेपरची तयारीच झाली नाही, त्याचा दोष कोणावर ठेवायचा?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आहे की, देशात सतरा वर्षांवरील लोकांपैकी २६ टक्के मॅट्रिक झालेले होते, मुसलमानांमध्ये १७ टक्केच. ही दरी आपण वारंवार सांगतो आणि सांगितलीही पाहिजे. मात्र त्या सतरांपैकी किती जणांना मॅट्रिकचा उपयोग झाला, हेही विचारले पाहिजे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांत तडवी भिल्ल समाज आहे. धर्माने मुसलमान, अनुसूचित जमातीत नोंदलेला. ही मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत मराठीतून शिकतात. त्यांच्या मुसलमान असण्यात मराठीने काही उणे झाले नाही. त्यांची गरिबी, जंगल, अंतर या अडचणी वेगळ्या आहेत आणि मोठ्या आहेत. पण मुसलमान म्हणजे उर्दू हे समीकरण खानदेशातच खरे नाही, एवढे त्यांच्याकडे पाहून कळते. हमीद दलवाई मुसलमानांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे म्हणत, तेव्हा अनेकांना राग आला होता. दलवाईंची सगळी मते मलाही पटत नाहीत. उर्दू शाळा बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. उर्दू शाळा नसत्या तर आमच्या कित्येक मुली चौथीपुढे गेल्याच नसत्या. माझे म्हणणे वेगळे आहे. उर्दू राहू द्या, पण मराठीला धाकटी समजू नका.

२०२० मध्ये राज्यात सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. १८८२ च्या आयोगाने 'ऐच्छिक' म्हटल्यापासून हा एवढा प्रवास. पण सक्तीने विषय वेळापत्रकात येतो, तो मुलाच्या तोंडी शिक्षकामुळे येतो. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून मोठा गदारोळ झाला आणि सरकारने आपले निर्णय मागे घेतले. उर्दू शाळेतले मूल पूर्वीपासूनच उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे ओझे उचलते. ते कसे उचलते, हा प्रश्न त्या गदारोळात माझ्या तरी कानावर आला नाही.

सवलतीचा मोह सरकारलाही होतो. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. तो नाइलाज होता. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात मात्र गणित आणि विज्ञानात वीस गुण मिळाले तरी पुढे जाता येईल, पण प्रमाणपत्रावर तसा शेरा राहील, असा विचार मांडला गेला. नापासाचा शिक्का पुसून दुसरा शिक्का मारायचा! माप खाली आणणे सोपे असते. मूल त्या मापापर्यंत वर आणणे कठीण असते, कारण त्याला शिक्षक लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो.

म्हणून आपल्या संस्थाचालकांना, पालकांना माझी विनंती आहे. उर्दू शाळेत मराठीचा शिक्षक नेमताना उरलेसुरले तास भरून काढणारा माणूस नको, ज्याला मराठीची गोडी आहे असा माणूस नेमा. आठवीपासून द्वितीय भाषेच्या पुस्तकाच्या जोडीला प्रथम भाषेचे पुस्तकही वाचून घ्या, परीक्षेत नसले तरी. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण जगाला सांगितले की मराठी आमचीही आहे. ते वाक्य दहावीच्या वर्गात खरे करून दाखवायचे काम अजून बाकी आहे.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या तोंडीही 'ळ' चा 'य' होत असे. आज त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांत आहेत आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बाईला मॅट्रिकच्या उंबरठ्यापर्यंतही येता आले नाही, तिची बोली आज आतल्या दिवाणखान्यात बसली आहे. भाषेचा दरवाजा असा उघडतो.

यंदा माझी नात दहावीला आहे, उर्दू माध्यमात. संध्याकाळी ती कुमारभारती घेऊन माझ्याजवळ बसते. "नाना, हे तर आमच्या परीक्षेत नाही," ती कुरकुरते. मी म्हणतो, "बेटी, परीक्षा त्यानंतर आहे." पेटीतल्या तीन कागदांशेजारी चौथ्याची जागा मी करून ठेवली आहे.