भिंतीवरची रेघ आणि पुस्तकातली नदी

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे. पण शेवटी एक काम सांगितलंय, म्हणून पूर्ण वाचा.

गेल्या आठवड्यात एका बातमीसाठी नदीकडच्या शाळेत गेलो होतो. दर्शनी भिंत नवी रंगवलेली. त्यावर निळी नदी, दोन कमळं, एक मासा आणि मोठ्या अक्षरांत 'नदी आपली माता'. चित्र छानच आहे. पण याच भिंतीवर २०१९ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची रेघ होती. त्याच्या खाली २००५ ची. दोन्ही रंगाखाली गेल्या. पहिलीतल्या पोरांना विचारलं, पूर माहिती आहे का? एक म्हणाला, "टीव्हीत बघितलाय." बरोबरच आहे म्हणा, त्याचा जन्मच पुरानंतरचा.

तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. आपण पोरांना पुस्तकातून नदी कशी सांगत आलो?

मी तिसरीत असताना जिल्ह्याचं परिसर अभ्यासाचं पुस्तक होतं. कृष्णा, वारणा, येरळा, अग्रणी, माण ही नावं अजून एका दमात म्हणतो. पुढं भूगोलात कृष्णेची लांबी १,४०० किलोमीटर, महाराष्ट्रात २८२. धरणं, वीज, कालवे. दुसऱ्या बाजूला कवितेतली नदी, ती कायम झुळझुळ वाहणारी. या दोन नद्यांच्या मध्ये जी खरी नदी होती, ती आम्हाला घरीच कळली. पाठीला भोपळे बांधून पोहायला शिकणं, मळीतली वांगी, अंब्यांची नाव, उन्हाळ्यात उतार कुठं लागतो, पावसाळ्यात कुठल्या डोहाकडं फिरकायचं नाही. पूर आला की गूळ करायची काहील पाण्यात सोडून माणसं पलीकडं नेणारे गडी. यातलं काही पुस्तकात नव्हतं. घरी कळतंय म्हटल्यावर पुस्तकाची गरजही कुणाला वाटली नसावी.

मराठीत मुलांसाठी छापणं काही कालचं नाही. मिशनऱ्यांचं 'बालबोधमेवा' १८७३ चं, वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं. बालभारती १९६७ ला स्थापन झाली आणि १९७१ च्या बालदिनाला 'किशोर' मासिक सुरू झालं. 'किशोर'चे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, जरूर बघा. म्हणजे साधनं होती, लिहिणारेही होते.

आणि नदीवर जीव ओतून लिहिणारा माणूस तर आपल्याच कृष्णाकाठचा होता. काका कालेलकर. जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. लहानपणी माहुलीला, जिथं वेण्णा कृष्णेला मिळते, तिथं पाहिलेली कृष्णा त्यांनी पुढं लिहून काढली. बेळगावजवळच्या बेळगुंदीची छोटीशी मार्कंडी, तिला तर त्यांनी 'सखी' म्हटलं. माता नाही, देवी नाही, सखी! हे सगळं लिहिलं मात्र गुजरातीत. गांधीजींबरोबर आश्रमात गेले, गुजराती शिकले आणि त्या भाषेत इतके मुरले की त्यांना 'सवाई गुजराती' म्हणायचे. नद्यांवरचं 'लोकमाता' १९३४ च्या सुमारास आलं, तेच पुढं वाढून 'जीवनलीला' झालं. १९६५ चं साहित्य अकादमी पारितोषिकही त्यांना गुजराती पुस्तकासाठीच मिळालं. मला त्यांची कृष्णा भेटली ती पस्तिशी ओलांडल्यावर, हिंदीतून, एका रद्दीवाल्याकडं. साताऱ्याच्या माणसानं लिहिलेली आपली नदी आपण हिंदीत वाचायची! थोडी लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

त्यांचाच एक छोटा लेख सीबीएसईच्या नववीच्या हिंदी पुस्तकात पूर्वी होता, चिखलाच्या सौंदर्यावरचा. कमळाला पंकज म्हणून मिरवायचं आणि पंकाला नाक मुरडायचं, ही आपली खोड त्यांनी त्यात पकडलीय. वाळत चाललेल्या गाळावर उमटलेल्या पक्ष्यांच्या पावलांचं वर्णन आहे, रेड्यांच्या झुंजीच्या खुणा आहेत. आणि ज्या अन्नावर आपण जगतो ते चिखलातच पिकतं, हेही सांगितलंय.

हा लेख मी वाचला तो २०१९ च्या पुरानंतर. सांगलीत आयर्विन पुलाखाली धोका पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही आमच्या वाचनालयातला गाळ फावड्यानं ओढत होतो. सगळ्यात खालच्या फडताळात लहान मुलांची पुस्तकं, हाताला लागावीत म्हणून खाली ठेवलेली. तीच सगळ्यात आधी गेली. पानं चिकटून विटा झाल्या होत्या. त्या वासात चिखलाचं सौंदर्य कुणी सांगितलं असतं तर मी फावडंच उगारलं असतं. पण त्याच मळीत पुढच्या हंगामात पीक कसं आलं, हे शेतकऱ्यांना विचारा. दोन्ही खरं आहे, आणि पोरांना दोन्ही समजतं. त्यांना काही कळत नाही असं आपण उगाच धरून चालतो.

आज नदीवर पोरं जात नाहीत. मगरीची भीती, सांडपाणी, आईबापांचा धाक. त्यांना दोष देत नाही, माझ्या मुलीलाही मी एकटं सोडत नाही. पण मग घरी कळायची ती नदीही बंद झाली. पुस्तकात नाही, घरात नाही आणि भिंतीवरची रेघसुद्धा रंगवली.

हेडसर माणूस चांगला आहे. म्हणाले, "चित्र ठेवून रेघ परत काढू, त्यात काय. पण होती कुठं?" जमलेल्या चौघांनी चार ठिकाणी बोट ठेवलं. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं, यांत हातभर फरक! पाचच-सहा वर्षं झालीत.

तर काम हे. त्या भिंतीसमोर काढलेला जुना फोटो कुणाकडं असेल, गॅदरिंगचा, झेंडावंदनाचा, मतदानाच्या रांगेचा, कसलाही चालेल, मागं रेघ दिसली पाहिजे. मला पाठवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस २००५ च्याही आधीच्या पुराचं सांगत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. चौथीच्या बाई म्हणाल्यात, पोरांकडून लिहून घेऊन त्याचं छोटं पुस्तक करू. झेरॉक्सचा खर्च माझ्याकडं लागला.