भंडाऱ्याची पोटनिवडणूक : आठवण आणि पुरावा

मे १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच सामावलेला होता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर, तर सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. मतदारसंघ द्विसदस्य असल्याने प्रत्येकास दोन मते होती. दुसरे मत वाया घालवावे, असे कार्यकर्त्यांनी सुचविले व बाबासाहेबांनी ते ठामपणे नाकारले, ही आठवण आपल्याकडे श्रद्धेने सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिचे काय करावे?

महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेस येथे उपयोगी पडतात. ‘हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे कोणी म्हणाला, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि धिक्कारूही नये. सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. सांगणाऱ्याची थोरवी हा पुरावा नव्हे.

ताडून पाहण्याचे पहिले साधन म्हणजे ‘जनता’ पत्राचे त्या महिन्यांतील अंक. (हेच पत्र ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’ झाले.) त्यासोबत निवडणुकीचे सरकारी दप्तर आणि नागपूरची तत्कालीन दैनिके, विशेषतः विरोधी मताची, पाहिली पाहिजेत. चरित्रे व स्मरणिका त्यानंतर. शोध मात्र ‘भंडारा’ या नावाने करावा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. १९५४ चा म्हणून दाखविलेल्या कागदावर ‘जिल्हा गोंदिया’ असे लिहिलेले आढळले, तर तो मजकूर उत्तरकालीन समजावा.

आणखी एक गुंतागुंत आहे. १९५२ मध्ये मुंबईतील पराभवानंतर वाया घालविलेल्या मतांविरुद्ध बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली होती. जे मुंबईत अन्याय्य मानले, ते भंडाऱ्यात त्यांनी होऊ दिले नसते. या दृष्टीने आठवणीस बळकटी मिळते. परंतु मुंबईचाच वाद कालांतराने भंडाऱ्याच्या कथेत मिसळला असण्याचाही संभव उरतो. समकालीन लेखाशिवाय हा निर्णय करता येणार नाही, असे माझे मत आहे.

मतदानाचे वय तेव्हा २१ होते. त्या वेळचा मतदार आज नव्वदी ओलांडलेला असणार. तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगावकडील उपासकांनी अशा वृद्धांचे निवेदन त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून उतरून घ्यावे. स्वतः पाहिलेले कोणते व नंतर सभेत ऐकलेले कोणते, हे मात्र आवर्जून विचारावे.