बंब कुणाचा, पेन्शन कुणाची
ऊस पेटला की नगर जिल्ह्यात फोन दोन ठिकाणी जातो, साखर कारखान्याला आणि नगरपालिकेला. मी एका नगरपालिकेच्या बंबावर ड्रायव्हर होतो. आम्ही बांधावर पोचावं तर बहुतेकदा कारखान्याचा बंब आधीच उभा. पाणी संपत आलं की त्यांचा होज आमच्या पंपाला लावायचा. 63 मिलिमीटरचं कपलिंग, सगळीकडे एकच माप. नुसतं आत ढकललं की खटकन बसतं.

माणसांचं तसं नाही. एकाच आगीवर उभी असलेली पोरं वेगवेगळ्या मालकांची. नगर शहराचा बंब महापालिकेचा, नागापूरचा एमआयडीसीचा, उसावरचा कारखान्याचा. ज्याचा बंब, त्याचा पगार.

मुंबईत आग विझवण्याचं काम पूर्वी पोलिसांकडे होतं. 1887 मध्ये ते महापालिकेकडे गेलं. मुंबईला ते झेपलं, पण पुढे तोच पायंडा लहान गावांच्या गळ्यात पडला. 1992 च्या घटनादुरुस्तीने अग्निशमन बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामात घातलं. पोलिस राज्याच्या तिजोरीवर राहिले; आम्ही घरपट्टी, पाणीपट्टी आणि अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. त्यात आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगारांचा, 35 टक्क्यांच्या आत ठेवायची अट. भरती अडली की ठेकेदाराची पोरं बंबावर चढतात.

निवृत्तीचा हिशेब तर आणखी वेगळा. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्याला 1982 च्या नियमांची पेन्शन, नंतरच्याला अंशदानाची. कारखान्याच्या माणसाला भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या पेन्शन योजनेतली. तिची किमान रक्कम 2014 पासून महिना 1,000 रुपये. ठेक्यावरच्या पोराचं काय, ते कुणी सांगत नाही. मी स्वतः रोजंदारीवर लागलो. कायम झालो तेव्हा पोरगी शाळेत जायला लागली होती, आणि पेन्शनला नोकरी धरली ती तिथून. त्याआधी विझवलेल्या आगी हिशेबात नाहीत.

1944 मध्ये मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले, म्हणून दर 14 एप्रिलला साहेबांच्या खिशाला छोटे झेंडे टोचायचे. तेही काम आमचंच! 6 नोव्हेंबर 2021 ला, ऐन भाऊबीजेला, नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. 11 रुग्ण दगावले. मग चर्चा झाली ती फायर ऑडिटची, आणि ती व्हायलाच हवी होती. 2023 मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवेसाठी 5,000 कोटींची योजना आणली, ती आधुनिकीकरणाची. गाड्या येतील, येऊ द्यात. प्रश्न त्यांवरच्या माणसांचा आहे.

केरळात अग्निशमन हे राज्याचंच खातं आहे. आपल्याकडे राज्याचं संचालनालय आहे, अकादमी आहे. पगार तेवढा ज्याचा त्याने बघायचा. तुमच्या गावात नवा बंब आला की नारळ फोडायला पुढारी येतील. त्यांना तिथेच विचारा, यावरच्या पोराचा पगार कुठून होणार आणि निवृत्तीनंतर त्याला काय मिळणार.