कोणती ब्राह्मी?

परीक्षा जवळ आल्या की पालक हमखास विचारतात, “सर, मुलाला ब्राह्मी देऊ का? पाठांतर सुधारेल ना?” अशा वेळी शिक्षकाने आधी एक उलट प्रश्न विचारायला हवा : कोणती ब्राह्मी?

मुळशी तालुक्यासारख्या भरपूर पावसाच्या मुलखात खाचरांच्या बांधांवर आणि ओढ्याकाठी जमिनीलगत पसरणारी एक वनस्पती दिसते. पाने वाटोळी, कडा दातेरी, देठ लांब. मराठीत तिला कारिवणा म्हणतात, पण अनेक घरांत ती ‘ब्राह्मी’च असते. ग्रंथांतील मंडूकपर्णी ती हीच. तिचे शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका; कूळ कोथिंबिरीचे. दुसरी वनस्पती चिखलात पसरणारी. पाने लहान, जाडसर, समोरासमोर, फुले पांढरट-जांभळी. ही बॅकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. या दोघींचे कूळ एक नाही आणि त्यांच्यातील रसायनेही वेगळी आहेत.

हा घोटाळा झाला कसा? चरकसंहितेत बुद्धी वाढविणारी, म्हणजे ‘मेध्य’ अशी चार रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. सुश्रुतसंहितेत मंडूकपर्णी आणि ब्राह्मी या दोघींचे प्रयोग वेगवेगळे दिले आहेत. म्हणजे जुन्या आचार्यांना त्या दोन वनस्पती म्हणून ठाऊक होत्या. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र दोघी शेजारी येतात आणि त्यांचे गुणही सारखेच मानले जातात. गुण सारखे मानल्यावर जिथे जी सहज मिळाली तिलाच ब्राह्मी म्हटले गेले असावे. आज भारताच्या आयुर्वेदिक औषधिकोशात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला असे स्पष्ट ठरविले आहे.

प्रयोगशाळेतील इतिहास मुख्यतः बॅकोपाचा आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील चॅटर्जी, रस्तोगी आणि धर यांनी १९६३ मध्ये तिच्यातील घटकांचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांतील ‘बॅकोसाइड’ हे घटक पुढे महत्त्वाचे ठरले. १९८२ मध्ये त्याच संस्थेतील सिंग आणि धवन यांनी उंदरांवरील प्रयोग मांडले. अर्क दिलेले उंदीर विजेचा धक्का टाळायला लवकर शिकले आणि शिकलेले त्यांच्या अधिक लक्षात राहिले.

पण उंदीर म्हणजे विद्यार्थी नव्हे. माणसांवरील चाचण्यांत एका गटाला अर्क आणि दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या देतात. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये ३८ निरोगी व्यक्तींना अर्काची एकच मात्रा देऊन दोन तासांनी तपासले, तेव्हा काहीच फरक आढळला नाही. २००२ मध्ये ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवर सुमारे तीन महिने चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांच्या शिकण्याचा वेग वाढला नाही. मात्र नव्याने शिकलेले ते कमी विसरले. म्हणजे परिणाम दिसलाच, तर तो सावकाश दिसतो आणि तोही विसरण्यावर, ग्रहणशक्तीवर नव्हे.

मुलांचे काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत चंचलपणा व लक्ष न लागणे या तक्रारी असलेल्या ११२ मुलग्यांना १४ आठवडे गोळ्या दिल्या. या मुख्य तक्रारींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. विचारांतील लवचीकपणा, झोप अशा काही बाबतींत थोडी सुधारणा दिसली. मळमळ, जुलाब असे त्रास या अर्काने काहींना होतात, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा पालकांना सांगावे : परीक्षेच्या आठवड्यात सुरू केलेल्या बाटलीकडून आशा धरू नका. या चाचण्या ठरावीक प्रमाणाच्या अर्काच्या आहेत. बांधावरच्या कारिवण्याला किंवा ब्राह्मीच्या तेलाला त्या लागू होत नाहीत. सांडपाण्याकाठची जलब्राह्मी तर आणूच नये, कारण ती पाण्यातील जड धातू शोषून घेते.

आणि वर्गात एकदा ही दोन्ही पाने शेजारी ठेवा. नाव एक असले म्हणजे वस्तू एक असतेच असे नाही, हा धडा त्यातून मुलांना मिळेल. तो लक्षात ठेवायला औषधाची गरज पडू नये.