तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती : हापूसच्या पेटीतून दिसणारा इतिहास

एप्रिल २००७ मध्ये हापूस व केसर आंब्यांची पहिली खेप लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात गॅमा किरणांचा मारा घेऊन अमेरिकेस पोहोचली आणि सुमारे अठरा वर्षांची बंदी संपुष्टात आली. मात्रा किमान ४०० ग्रे असावी, अशी अमेरिकेची अट होती. या प्रक्रियेने आंबा किरणोत्सारी होतो काय, ही शंका कसाल परिसरात आजही ऐकू येते. तो तसा होत नाही. किरणांमुळे कोयीत दडलेल्या किडीचा डीएनए तुटतो. तुटलेली गुणसूत्रे घेऊन पेशीविभाजन नीट होत नाही आणि किडीची पुढील पिढी खुंटते. पिकणाऱ्या गराला मात्र पेशीविभाजनाची गरज नसते, म्हणून आंबा पिकत राहतो.

डीएनए तुटणे हा या इतिहासाचा अर्धाच भाग होय. तो सांधला जातो, हे कळण्याची कथा अधिक रोचक आहे. १९४९ साली आल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनी मारलेल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत होते. मरणाऱ्यांची संख्या दर प्रयोगात वेगळी येई. प्रथम त्यांनी तापमानावर संशय घेतला. खरे कारण निघाले ते साधा उजेड! प्रकाश मिळालेले ‘मृत’ जीव पुन्हा वाढू लागत. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना त्यानंतर चार वर्षांनी, १९५३ मध्ये उलगडली; म्हणजे दुरुस्ती आधी दिसली आणि दुरुस्त होणारी वस्तू मागाहून.

१९५६ च्या ऑगस्टमध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील ओरेगॉन येथे आर्थर अँडरसन यांना किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात जिवंत जिवाणू सापडला. पुढे ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ म्हणून ओळखला गेलेला हा जिवाणू ५,००० ग्रे मात्राही सोसतो. माणसास सुमारे ५ ग्रे प्राणघातक ठरतात. त्याच्या जनुकसंचाचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत ते पूर्ववत जुळतात. प्रत्येक पेशीत त्या संचाच्या अनेक प्रती असल्याने तुकड्यांची एकमेकांवर येणारी टोके परस्परांना नमुना पुरवितात, हे मिरोस्लाव्ह रादमान यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले.

तुर्भ्याचा इतिहास लिहिताना आपण अणुभट्ट्या आणि पोखरण यांपाशी थांबतो, ही उणीव प्रस्तुत लेखकास खटकते. त्याच २००६ साली भाभा अणुसंशोधन केंद्रातील श्रीकुमार आपटे व सहकाऱ्यांनी या जिवाणूत दुसऱ्या जिवाणूचे एक जनुक घालून विरल द्रावणातील युरेनियमचा साका तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अणुकचऱ्याच्या सान्निध्यात हे काम करायचे, तर आपला तुटलेला डीएनए पुनःपुन्हा सांधणारा जीवच हवा होता.