परक्या मुलखातला घोडा



मराठी फौजेच्या इतिहासातले बारगीर आणि शिलेदार हे दोन शब्द आपल्या परिचयाचे आहेत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिवछत्रपतींनी पागा सबळ ठेवली आणि शिलेदार पागेच्या हुकमतीखाली ठेवले, असे सभासद बखर सांगते. त्यातले धोरण उघड आहे. घोडा सरकारचा असला की स्वारही सरकारचा असतो. घोडा स्वतःचा असला की स्वाराच्या मनात स्वतःची वाट केव्हा ना केव्हा डोकावतेच.

आज मला तीन शिलेदारांविषयी बोलायचे आहे. त्यांना कोणत्याही राजाने चाकरीस बोलावले नव्हते. ते आपापला देश सोडून परक्या मुलखात गेले, तिथला घोडा त्यांनी मिळवला आणि त्याच्या भरवशावर ते एकटे दूरच्या वाटेला लागले. एक रशियन व्यापारी, एक इंग्रज लष्करी अधिकारी आणि एक स्विस शाळामास्तर. तिघांत साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. पण तिघांपुढे प्रश्न एकच उभा राहिला, आणि तोच आजच्या विवेचनाचा विषय आहे. घोडा आपला झाला, म्हणजे वाट आपली होते काय?

पहिला शिलेदार आपल्याच अंगणात येऊन गेलेला आहे. अफानासी निकितीन हा त्वेर शहराचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होल्गा नदीने व्यापारासाठी खाली उतरला. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. माल गेला, हात हलवीत घरी परतण्याची लाज वाटली, म्हणून तो पुढेच सरकत गेला. दरबंद, बाकू, इराण असे करीत तो होर्मुझला पोहोचला आणि तिथून एका घोड्यासह गलबतात बसून १४७० च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

त्याने घोडाच का आणला? कारण दख्खनमध्ये चांगल्या घोड्याला सोन्याचा भाव होता. बहामनी सुलतान काय किंवा विजयनगरचे राय काय, दोघांच्याही फौजा समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांवर अवलंबून होत्या. या देशात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, असे निकितीनने लिहून ठेवले आहे. आपल्या भीमथडीच्या काटक तट्टांनी पुढे जो लौकिक मिळवला तो पाहता हे विधान पुरते खरे मानता येणार नाही. पण परदेशी व्यापाऱ्याच्या नजरेला बाजार कसा दिसत होता हे त्यातून कळते. इथे घोड्यांना वाटाणे आणि खिचडी खाऊ घालतात, याचेही त्याला नवल वाटले. ज्या मुलखात घोड्याजोगे गवत नाही, तिथे माणसाच्या चुलीवरचे अन्न त्याच्या तोबऱ्यात जाते. परका घोडा पोसणे किती महाग असते, याचा हा पुरावाच समजा.

निकितीनचा घोडा त्याला शंभर रुबलांना पडला होता. चौलहून पालीवरून मजल दरमजल करीत तो घोड्यासह जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याने जुन्नरातच काढला. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असे त्याने त्याचे वर्णन केले आहे. जुन्नर परगण्यातल्या श्रोत्यांना यात काही अतिशयोक्ती वाटणार नाही! आणि इथेच त्याच्यावर प्रसंग गुदरला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा परदेशी मुसलमान नाही असे कळताच खानाने त्याला पेच घातला: धर्म बदल, म्हणजे घोडा परत मिळेल आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडाही गेला आणि तितकाच दंडही भर. मुदत चार दिवसांची. त्याच वेळी ख्वाजा महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ तिथे आला, त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा सुटला. पुढे वर्षभर पोसून निकितीनने तो बिदरला विकून टाकला. इथे पुष्कळ माल मिळेल, असे सांगून लोकांनी आपल्याला फसवले, अशी त्याची तक्रार आहे. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मरण आले. त्याच्या वह्या तेवढ्या घरी पोहोचल्या.

या हकिकतीत घोडा निकितीनचा होता, पैसा त्याचा होता, जोखीमही त्याची होती. पण वाट खानाची होती. आणि ती मोकळी झाली ती कायद्याने नव्हे, पैशाने नव्हे, तर एका परक्या माणसाच्या शब्दाने.

आता चारशे वर्षे पुढे येऊ. १८७५ साली फ्रेडरिक बर्नाबी हा इंग्लंडच्या शाही घोडदळातला कप्तान रजेवर असताना सुदानमध्ये खार्टूमला गेला होता. तिथे एका जुन्या वर्तमानपत्रात त्याने वाचले की, रशियाने मध्य आशियातील आपल्या मुलखात परकीयांना मज्जाव केला आहे. मज्जाव आहे ना, मग तिथेच जायचे, असे या गृहस्थाने ठरवले. ठिकाण निवडले खिवा. रशियन सेनापती काउफमान याने दोनच वर्षांपूर्वी, १८७३ साली, नमवलेली खानाची राजधानी. नोव्हेंबरच्या अखेरीस बर्नाबी लंडनहून निघाला. रशियन भाषा त्याला येत होती. आगगाडी संपल्यावर बर्फावरच्या घसरगाडीतून ओरेनबुर्ग, ओर्स्क करीत तो पुढे गेला. वाटेत हातमोजे न घालता डोळा लागला आणि दोन्ही हात गोठले. कोसॅक सैनिकांनी ते चोळचोळून वाचवले. अखेर तो सिरदर्या नदीकाठच्या कझाला या ठाण्याला पोहोचला. इथून पुढे स्वारी घोड्यावरूनच करायची होती. घोडा मात्र इथेच घ्यायचा होता.

आता हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाईक सहा फूट चार इंच उंच, दोनशे पौंडांहून अधिक वजनाचे, आणि ज्या पलटणीतले घोडे सबंध इंग्लंडात नावाजलेले त्या पलटणीतले. पुढे आणलेली जनावरे कशी? भर हिवाळ्यात उघड्यावर सोडलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, अंगावर केसांचे रान माजलेली. ती पाहून त्याला घोड्यांपेक्षा मोठाल्या केसाळ कुत्र्यांची आठवण झाली. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावावर अश्वपरीक्षेचे केवढे शास्त्र आहे! भोवरे पाहावेत, रंग पाहावा, दात पाहावेत, खूर पाहावेत. त्या शास्त्राच्या कसोटीला यातले एकही जनावर उतरले नसते, आणि इंग्लंडच्या पागेतही त्यांना कोणी ठाव दिला नसता. पुष्कळ जनावरे नापसंत करून अखेर त्याने चौदा मुठींचा एक काळा घोडा पसंत केला. खोगीर-लगामासकट किंमत पडली पाच पौंड. कझालाच्या बाजारात ही किंमत फार भारी समजली गेली.

घोडामैदान जवळच होते. या लहानग्या काळ्या घोड्याने त्याला बर्फाळ वाळवंटातून खिव्यापर्यंत नेले. परतीच्या वाटेवर तर त्याने ३७१ मैलांची मजल नऊ दिवस आणि दोन तासांत पुरी केली. कातड्याच्या जाडजूड कपड्यांसह त्याच्या पाठीवर २८० पौंडांचा बोजा होता. वाटेत घोडा एकदाही आजारी पडला नाही, लंगडला नाही, आणि शेवटचे सतरा मैल बर्फातून त्याने एक तास पंचवीस मिनिटांत तोडले. लंडनमध्ये याची गणना पोलोच्या तट्टात झाली असती, असे बर्नाबीने त्याविषयी मोठ्या कौतुकाने लिहिले आहे.

यातला बोध असा की, परक्या मुलखात घोडा पाहताना आपल्या मुलखाचे डोळे बाजूला ठेवावे लागतात. गुटगुटीत, तुकतुकीत घोडा म्हणजे तबेल्यातल्या दाण्यावर वाढलेला घोडा. तो दाणा वाटेत कोण देणार? बरगड्या दिसणारा तो काळा घोडा बर्फाखालचे खुरटे गवत खुराने उकरून जगलेला होता. त्याचा हाडकुळेपणा ही त्याची खोड नव्हती; ते त्याचे प्रशस्तिपत्र होते.

पण खिव्याच्या वाटेचे काय? रशियन अधिकाऱ्यांनी त्याला बजावले होते की, प्रथम पेत्रो-अलेक्सांद्रोव्स्कच्या रशियन किल्ल्यात हजर व्हावे. तिथे गेलो तर खिवा दिसणार नाही, हे बर्नाबी ओळखून होता. त्याचा वाटाड्या सरकारी धाकाने किल्ल्याचीच वाट धरू पाहत होता. इथे पुन्हा घोड्याचा सौदाच कामास आला. वाटाड्याचा एक मेहुणा खिव्याच्या वाटेवरच्या गावी घोड्यांचा व्यवहार करी. बर्नाबीचा ठेंगणा तातार नोकर नझर याने वाटाड्याच्या कानी घातले की, साहेब त्या बाजूने गेले तर तिथे घोडा खरेदी करतील. मेहुण्याचा फायदा दिसताच वाटाड्याची वाट वळली! बर्नाबी खिव्यात पोहोचला, खानाला भेटला. आणि मग किल्ल्यातून बोलावणे आले. तिथे इंग्लंडच्या सरसेनापतीची तार येऊन पडली होती: ताबडतोब युरोपीय रशियात परत फिरा.

पाहा कसा चमत्कार आहे. रजा स्वतःची, पैसा स्वतःचा, घोडा स्वतः पारखून घेतलेला. पण तारेचा एक कागद पुढे येताच कळून आले की, शिलेदाराच्या वेषात वावरणारा हा गृहस्थ अखेर बारगीरच होता. खिव्याच्या या स्वारीवरील त्याचे पुस्तक १८७६ साली निघाले आणि विलक्षण खपले. १८८५ साली सुदानात अबू क्लीआच्या लढाईत तो मारला गेला.

तिसरा शिलेदार मात्र खरा शिलेदार ठरला. एमे फेलिक्स चिफेली हा स्विस तरुण अर्जेंटिनात शाळामास्तर होता. ब्यूनॉस आयर्सपासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपर्यंत घोड्यावरून जायचे, असे त्याच्या मनाने घेतले. वर्तमानपत्रांनी त्याला वेड्यात काढले. त्याला दोन घोडे दिले ते डॉ. एमिलियो सोलानेत यांनी. एकाचे नाव मांचा, दुसऱ्याचे गातो. वये पंधरा आणि सोळा; म्हणजे आपल्याकडे ज्या वयात घोडा पेन्शनीत काढतात ते. सोलानेत यांनी हे घोडे पातागोनियातील तेवेल्चे लोकांच्या लिएम्पिचुन नावाच्या नायकाकडून विकत घेतले होते. जात क्रिओलो. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेल्या आणि पुढे मोकळ्या रानात शतकानुशतके ऊन, थंडी नि दुष्काळ सोसत वाढलेल्या घोड्यांची ही अवलाद. शहरात आणल्यावर त्यांच्यापुढे उत्तम दाणागोटा ठेवला, तर त्याकडे ढुंकूनही न पाहता दोघांनी खाली बसण्यासाठी अंथरलेला पेंढा आवडीने फस्त केला!

एप्रिल १९२५ मध्ये चिफेली निघाला. एका घोड्यावर स्वतः बसायचे, दुसऱ्यावर सामान लादायचे, आणि आलटून पालटून दोघांच्या पाठीला विसावा द्यायचा, असा त्याचा क्रम होता. अँडीजच्या पठारावर एकदा उथळ पाणी साचलेल्या जागी गातो अडून बसला. मारले तरी पाऊल टाकीना. इतक्यात एक इंडियन गावकरी ओरडत धावत आला आणि त्याने खुणांनी सांगितले की, ती जागा माणसाला गिळणारी दलदल आहे. घोड्याला जे ठाऊक होते, ते गावकऱ्यालाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त स्वाराला. निकाराग्वात बंडाळी माजली होती, तेव्हा त्याला घोडे बोटीत चढवून तो देश टाळावा लागला. मिसूरीतल्या सेंट लुईस शहरी, पुढच्या मोटारींच्या गर्दीला भिऊन, त्याने गातोला मागे ठेवले आणि एकट्या मांचावर तो वॉशिंग्टनला गेला. २० सप्टेंबर १९२८ रोजी तो न्यूयॉर्कला पोहोचला. सारी मजल दहा हजार मैलांच्या घरात गेली. घोडे त्याने विकले नाहीत. त्यांना बोटीने परत अर्जेंटिनाला, त्यांच्या गवताला, पोहोचवले. गातो १९४४ साली आणि मांचा १९४७ साली वारला. दोघांची शरीरे पेंढा भरून लुहानच्या संग्रहालयात ठेवलेली आहेत, आणि २० सप्टेंबर हा दिवस अर्जेंटिनात घोड्याचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. घोडा विकत मिळतो. वाट विकत मिळत नाही. ती तिथल्या माणसांकडून उसनी घ्यावी लागते. निकितीनला ती खुरासानी ख्वाजाने दिली, बर्नाबीला नझरने आणि वाटाड्याच्या मेहुण्याने, चिफेलीला दलदलीकाठच्या एका गावकऱ्याने. ज्याला आपण स्वतंत्र प्रवासी म्हणतो, तो खरे पाहता सर्वांत परतंत्र असतो. कारण त्याच्या मागे फौज नसते, सरकार नसते, आणि पावलोपावली त्याला अनोळखी माणसावर विश्वास टाकावा लागतो. हे जो ओळखतो त्याचा प्रवास तडीस जातो.

आणखी एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. त्या काळ्या घोड्याला बर्फात जगायला ज्यांनी शिकवले, त्या गवताळ मुलखातील पशुपालकांची नावे इतिहासात नाहीत. तेवेल्चे लोकांचा मुलूख तर अर्जेंटिनाच्या फौजेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बळकावला होता. त्यांच्या हाती जे घोडे उरले होते, त्यांतल्या दोघांनी पुढे दोन खंड पालथे घातले आणि त्या पराक्रमावर आज एक राष्ट्र सण करते. स्वाराचे नाव पुस्तकावर असते, घोड्याचे संग्रहालयात असते. ज्याने तो घोडा घडवला आणि परक्याच्या हाती दिला, त्याचे नाव विचारण्याची सवय आपण इतिहासाच्या वाचकांनी लावून घेतली पाहिजे.