‘उनरेश्त’ : दैनंदिन वाक्यातून न्यायालयापर्यंत

प्रस्तावना :
जर्मन भाषेतील ‘रेश्त’ या शब्दात कायदा, हक्क आणि योग्यता हे तीनही अर्थ सामावलेले आहेत. त्याला ‘उन’ हा नकारवाचक उपसर्ग लागून ‘उनरेश्त’ हा शब्द सिद्ध होतो. मराठीत ‘चूक’ आणि ‘अन्याय’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. जर्मनमध्ये हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी येतो. या दुहेरी अर्थाचा ऐतिहासिक परिणाम प्रस्तुत लेखात तपासला आहे.

दैनंदिन वापर :
‘डू हास्ट उनरेश्त’ म्हणजे ‘तुझे चुकते आहे’. घरगुती वादातही सहज येणाऱ्या या वाक्यात अपराधाचा आरोप नसतो. ‘मान हाट ईम उनरेश्त गेटान’ याचा अर्थ मात्र ‘त्याच्यावर अन्याय झाला’ असा होतो. निरपराध माणसाला शिक्षा झाली, हे सांगताना ‘त्सू उनरेश्त’ हा प्रयोग करतात. जर्मन लेखनात नामाचे आद्याक्षर मोठे असते. ‘चूक असणे’ या अर्थी ते पूर्वी लहान लिहीत. १९९६ च्या लेखनसुधारणेने ते मोठे केले आणि २००६ मध्ये दोन्ही रूपे मान्य झाली. या प्रयोगात शब्दाचे नामत्व कितपत उरले आहे, याविषयीचा संभ्रम त्यातून दिसतो.

१९४५ नंतरचा अर्थविस्तार :
नाझी राजवटीतील अनेक कृत्ये तत्कालीन कायद्यानुसारच घडली होती. त्यांना ‘बेकायदेशीर’ म्हणता येत नव्हते आणि ‘चूक’ म्हणणे अपुरे होते. वायमार काळातील माजी न्यायमंत्री गुस्ताफ राडब्रुख (१८७८-१९४९) यांनी १९४६ च्या आपल्या लेखाच्या शीर्षकातच ‘कायदेशीर उनरेश्त’ असा वरकरणी विसंगत वाटणारा शब्दप्रयोग केला. थुरिंगियातील न्यायखात्याच्या एका कर्मचाऱ्याने, हिटलरला सामूहिक खुनी म्हणणारा मजकूर भिंतीवर लिहिल्याबद्दल एका व्यापाऱ्याची खबर दिली होती. त्या व्यापाऱ्याला देहदंड झाला. युद्धानंतर खबर देणाऱ्याला जन्मठेप झाली. या व अशा खटल्यांच्या आधारे राडब्रुख यांनी प्रतिपादन केले की, कायद्याचा न्यायाशी विरोध असह्य पातळीला पोहोचला, तर कायद्याने माघार घ्यावी. ‘कायदा तो कायदा’ या वृत्तीने जर्मन विधिज्ञ निःशस्त्र झाले, हे त्यांचे निदान पुढील संशोधकांना अपुरे वाटले. कारण नाझी न्यायाधीश अनेकदा कायद्याचे अक्षर ओलांडूनही शिक्षा देत असत. तथापि त्यांचे सूत्र टिकले. १९५२ मध्ये ब्राउनश्वाइग येथील खटल्यात सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी नाझी राज्याला ‘उनरेश्तश्टाट’, म्हणजे अन्यायाधिष्ठित राज्य, म्हटले आणि हिटलरविरुद्ध कट करणारे देशद्रोही नव्हते, असे मांडले.

एकीकरणानंतरचा वाद :
१९९० नंतर हाच शब्द पूर्व जर्मनीला लावला गेला. तेथील राजवटीच्या ‘उनरेश्त’चे निराकरण करण्यासाठी १९९२ व १९९४ मध्ये कायदे झाले आणि अन्यायग्रस्तांच्या पुनर्वसनाचा मार्ग खुला झाला. परंतु संपूर्ण राज्याला ‘उनरेश्तश्टाट’ म्हणण्यास अनेकांचा विरोध होता. २०१४ मध्ये थुरिंगियात डाव्या पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडीच्या वाटाघाटींत हा शब्द कळीचा ठरला. समर्थकांच्या मते, जेथे न्यायालये सत्ताधारी पक्षाच्या अधीन होती आणि सीमा ओलांडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात, त्या राज्याला दुसरे नाव देणे म्हणजे पीडितांवर पुन्हा अन्याय करणे होय. विरोधकांपैकी अनेकांना मात्र तो आपल्या संपूर्ण आयुष्यावरील निकाल वाटला. राज्याविषयीच्या या विधानात ‘तुमचे चुकले’ हा दैनंदिन अर्थही ऐकू येत असावा, असे मानले तर या वेदनेचा उलगडा होतो.

समारोप :
‘उनरेश्त’ने पीडितांना असे नाव दिले, जे कायद्याच्या पुस्तकाने नाकारले होते. त्याच शब्दाने सामान्य नागरिकाला आपल्या गतायुष्याचे समर्थन करण्यास भाग पाडले. म्हणून राज्यव्यवस्थेचा अन्याय आणि तिच्यात जगलेल्या माणसाची चूक यांतील भेद, शब्द एकच असला तरी, इतिहासकाराने जपला पाहिजे.